मुलाला शिकारीच्या कॅम्पला पाठवावं का? टेक्सासमधल्या मराठी पालकांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सॅन अँटोनियोतल्या एका मराठी आईने विचारलंय की त्यांचा १३ वर्षांचा मुलगा वर्गातल्या मित्राकडून ऐकून मुलांना शिकार शिकवणाऱ्या एका स्वयंसेवी वीकेंड कॅम्पला जायचा हट्ट धरून बसला आहे. घरात कुणी कधी बंदूक हातात घेतलेली नाही. आई शाकाहारी, बाबा बाहेर खातात. सगळे एच-१बी आणि एच-४ व्हिसावर. हे कायदेशीर आहे का, सुरक्षित आहे का, आणि मुलाला पाठवावं का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. मुलाला एकट्याला पाठवता येतच नाही. तुमच्या मुलाने बहुधा टेक्सास यूथ हंटिंग प्रोग्रॅमचं नाव ऐकलं असणार. त्यात ९ ते १७ वर्षांची मुलं येतात आणि प्रत्येकासोबत आई, वडील किंवा पालक लागतोच. शुक्रवारी सोडलं आणि रविवारी आणायला गेलो, असं तिथे चालत नाही. तेव्हा ठरवायचं आहे ते तुमच्यापैकी कोण सोबत जाणार हे. मी स्वतः पहिल्यांदा गेले ती मुलीची आई म्हणूनच. पुढे गाइड झाले, मग हंटमास्टरचं, म्हणजे कॅम्पप्रमुखाचं, प्रशिक्षण घेतलं आणि आता दर हंगामात मध्य टेक्सासातल्या टेकड्यांच्या भागात, हिल कंट्रीत, कॅम्प घेते. हे सगळं बिनपगारी आहे, आमच्याकडचे सगळेच स्वयंसेवक तसे आहेत.

भारतातून आलेल्या माणसाच्या मनात शिकार म्हणजे गुन्हा हे पक्कं बसलेलं असतं, आणि तिथे ते बरोबरच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीचा विषय संपवला. अमेरिकेने वेगळी वाट धरली. इथेही एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी बेसुमार कत्तल झाली, बायसन संपत आले, कित्येक राज्यांतून हरणं जवळजवळ नाहीशी झाली. त्यावर इथे उपाय निघाला तो रानातल्या मांसाचा बाजार बंद करण्याचा, आणि शिकार परवान्यावर, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येतच करू देण्याचा. तुमच्या मुलाने हरीण मारलं तर ते मांस तुम्ही खाऊ शकता, शेजाऱ्याला देऊ शकता, अन्नदान करणाऱ्या संस्थेला देऊ शकता, पण विकू शकत नाही. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. त्यानुसार रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर, जो आज ११ टक्के आहे, राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. कुठल्या राज्याला किती मिळणार हे ठरवताना जमिनीचं क्षेत्रफळ बघतात आणि परवानाधारक शिकाऱ्यांची संख्याही बघतात.

या संख्येमुळेच मुलांचे कार्यक्रम एवढे वाढले. केंद्र सरकारच्या पाहणीत २०११ मध्ये १ कोटी ३७ लाख शिकारी होते, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख उरले. जुनी पिढी थकली, पोरं शहरात गेली, आजोबांची जमीन विकली गेली. २००० नंतर एकेका राज्याने कायदे बदलले. पेनसिल्व्हेनियाने २००६ मध्ये प्रौढ मार्गदर्शकाच्या सोबतीने लहान मुलांना शिकारीची मुभा दिली. विस्कॉन्सिनने २००९ मध्ये दिली, आणि मार्गदर्शकाने मुलाच्या हाताच्या अंतरावर राहायचं अशी अट घातली. खात्यांना नवे शिकारी हवे आहेत, हे उघड आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पालक म्हणून तुम्ही हे लक्षात ठेवा. खात्याची गरज वेगळी आणि तुमच्या मुलाचं कुतूहल वेगळं. चांगला मार्गदर्शक खात्याची गरज रँचच्या फाटकाबाहेर ठेवून आत येतो. माझ्या मते कार्यक्रम चांगला की वाईट हे एवढ्यावरच ठरतं, आणि पुढचं सगळं मी याच नजरेने लिहिते आहे.

टेक्सासमधली ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी आहे. ज्याच्या ओळखीत रँचवाला नाही आणि खिशात हजारो डॉलर नाहीत, त्याला हरणाच्या शिकारीचं दार बंदच. हे दार उघडायला १९९६ मध्ये टेक्सास वाइल्डलाइफ असोसिएशन ही जमीनमालकांची संस्था आणि राज्याचं पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं एकत्र आले आणि हा कार्यक्रम सुरू झाला. रँचमालक एका वीकेंडपुरती जमीन देतो, आम्ही स्वयंसेवक कॅम्प चालवतो, मुलं किरकोळ फी भरून येतात.

मालक जमीन का देतो? मन मोठं असतं हे खरं, पण गरजही असते. टेक्सासात पांढऱ्या शेपटीची हरणं ५० लाखांहून जास्त आहेत आणि सगळ्यात दाट वस्ती हिल कंट्रीत. ज्या किड्याच्या अळ्या नवजात पाडसांची नाभी पोखरून त्यांना मारायच्या, तो स्क्रूवर्म १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथून हटवला गेला. मोठी श्वापदं तर त्याआधीच गेलेली. मग हरणं वाढली आणि खाणं कमी पडलं. रँचवर फिरताना तुम्हाला दिसेल की झाडांचा पाला हरणाच्या तोंडाच्या उंचीपर्यंत सरळ रेषेत साफ झालेला असतो आणि ओकची नवी रोपं कुठे दिसत नाहीत. हरणंही अंगाने खुरटलेली असतात. संख्या आटोक्यात आणायची तर माद्या कमी कराव्या लागतात. पैसे मोजून येणाऱ्या पाहुण्याला मात्र भिंतीवर लावायला शिंगं हवी असतात, मादी कुणाला नको असते. म्हणून मुलांच्या वाट्याला बहुधा माद्या येतात. मला हे मनापासून आवडतं. पहिल्याच वेळी शिंगांचा नाद लागला की मूल हरणाकडे बघायचं सोडून इंच मोजायला लागतं.

आता व्हिसा. हा भाग दोनदा वाचा, कारण बरेचसे अमेरिकन स्वयंसेवक याबद्दल अनभिज्ञ असतात. त्यांच्यासमोर बहुतेक वेळा नागरिकांचीच मुलं आलेली असतात. केंद्रीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे, आणि एच-१बी, एच-४ यात येतात. बाळगणं म्हणजे विकत घेणंच असं नव्हे. नेमबाजीच्या रेंजवर दोन मिनिटं हातात धरली तरी प्रश्न येऊ शकतो. याच कायद्यात एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला शिकारीचा चालू परवाना त्या माणसाकडे असेल तर ही मनाई लागू होत नाही. म्हणून क्रम असा की आधी परवाना, मग बंदुकीला हात. मित्राच्या वडिलांनी अंगणात सरावाला बोलावलं, परवाना नंतर काढू, असं करू नका. टेक्सासचा परवाना साधारणपणे ३१ ऑगस्टला संपतो, मग तो केव्हाही काढलेला असो. एप्रिलमध्ये काढला म्हणून पुढच्या एप्रिलपर्यंत चालेल असं नाही. त्यानंतर नवा काढेपर्यंत अपवादही संपलेला असतो. १७ वर्षांखालच्या मुलाचा परवाना ७ डॉलरला मिळतो आणि त्याला टेक्सासचा रहिवासी असण्याची अट नाही. तुम्ही नुसत्या सोबत बसणार असाल तर तुम्हाला परवाना लागत नाही, पण रेंजवर तुम्हालाही एक गोळी झाडून बघायची इच्छा होईल, सगळ्या पालकांना होते. तेव्हा स्वतःचाही काढून ठेवा. आणि ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर हे सगळं तुमच्या इमिग्रेशन वकिलाच्या कानावर घाला. नियम तुमच्या बाजूने आहे, तरी कागदपत्रं तपासणारा माणूस तुमच्या ओळखीचा असलेला बरा.

परवान्याच्या जोडीला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना टेक्सासात शिकारीसाठी साधारणपणे हे लागतं. ९ वर्षं पूर्ण झाली की ते मिळवता येतं. १७ किंवा त्याहून जास्त वयाच्यांना सगळा अभ्यास ऑनलाइन चालतो. लहानांना वर्गात तरी बसावं लागतं, नाहीतर ऑनलाइन अभ्यास करून एक दिवस मैदानावर प्रात्यक्षिक द्यावं लागतं. मुलासोबत तुम्हीही हा कोर्स करा. मी प्रत्येक पालकाला हे सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. आईला नियम ठाऊक असले की मूल नियमाला फाटा द्यायला बघत नाही.

सुरक्षिततेबद्दल तुमची काळजी रास्त आहे, म्हणून माझ्या कॅम्पवर काय चालतं ते सांगते. शुक्रवारी संध्याकाळी ओळखी झाल्या की सगळे रेंजवर जातात. प्रत्येक मूल, मग ते कितीही अनुभवी असो, टेकूवर रायफल ठेवून कागदी प्लेटवर गोळ्या झाडतं. रायफल नीट लागते का हे बघायचं असतं, पण माझं लक्ष मुलाच्या डोळ्यांवर असतं. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटले किंवा खांदा पुढे आला तर समजायचं की पोर धक्क्याला घाबरलं आहे. अशा वेळी मी त्याच्या हातातली रायफल रिकामी करते आणि त्याला रिकाम्या बंदुकीवर दहा-पंधरा वेळा चाप ओढायला लावते. कधी मध्येच गोळी आहे की नाही हे न सांगता देते. बंदूक रिकामी असूनही नळी हलली की पोराला स्वतःलाच कळतं की आपण कुठे चुकतोय. दोष बहुतेकदा मोठ्यांचा असतो. कुणीतरी बापाची जड रायफल दिलेली असते, दस्ता इतका लांब की गाल टेकायला मान ताणावी लागते. मुलांना .२४३ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल पुरते, दस्ता आखूड हवा, आणि कानांवर संरक्षण दुहेरी हवं. ज्याच्या गोळ्या ५० यार्डांवर प्लेटमध्ये बसतात आणि १०० वर विखुरतात, त्याची मर्यादा ५०. शनिवारी कितीही सुंदर हरीण ८० यार्डांवर उभं राहिलं तरी ५०. हे त्याच्यासमोर, त्याच्या पालकांसमोर आणि गाइडसमोर शुक्रवारीच ठरतं.

बंदुकीचे मूळ नियम तुम्ही कोर्समध्ये शिकालच: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजायचं, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि नेमाच्या पलीकडे काय आहे ते आधी बघायचं. माझ्या कॅम्पवर आणखी एक आहे. काडतुसं गाइडच्या खिशात असतात, मुलाच्या नाही. ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या खोलीत, गेल्यावरही रायफल रिकामी असते. हरीण आलं, ते योग्य आहे हे ठरलं, मागे मोकळं रान किंवा उतार आहे हे बघितलं, मुलाने मारायचं ठरवलं, एवढं सगळं झाल्यावर काडतूस त्याच्या हातात जातं. यामुळे कधी कधी हरीण निघून जातं. जाऊ दे.

शनिवारी पहाटे पाचला चहा-कॉफी, सहाच्या आत ब्लाइंडमध्ये. ब्लाइंड म्हणजे लपण, बहुधा लाकडी किंवा फायबरची छोटी खोली, तीन खुर्च्या, समोर खिडकी. मूल मध्ये, एका बाजूला गाइड, दुसऱ्या बाजूला पालक. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते, पण तेवढ्या अंधुक उजेडात मी मुलाला झाडू देत नाही. तो अर्धा तास ऐकायचा असतो. घुबड थांबतं, कार्डिनल सुरू होतात, कुठेतरी आर्माडिलो पाचोळा उकरत असतो आणि पोराला वाटतं हरीणच आलं. सात-साडेसातला मक्याचा फीडर घरघरतो आणि दाणे उडवतो. टेक्सासात खासगी जमिनीवर मका टाकून हरणं बोलावणं कायदेशीर आहे. बऱ्याच राज्यांत नाही, आणि यावर शिकाऱ्यांमध्येच वाद आहेत. माझं मत असं की पहिल्या वेळच्या मुलासाठी फीडर असावा, कारण हरीण जवळ येतं, आडवं उभं राहतं आणि स्थिर राहतं, म्हणजे नेम चुकून जखमी होऊन पळण्याची शक्यता कमी. पण पुढच्या वर्षी त्याच मुलाला मी पाऊलवाटेवर बसवीन.

हरणं आल्यावर पहिला धोका असतो तो मादी आणि नर पाडस यांत गल्लत होण्याचा. शिंगं नसलेलं एकटंच हरीण धीटपणे मोकळ्यावर आलं तर ते मादी नसून या वर्षीचं नर पाडस असण्याचा संभव बराच. दुर्बिणीतून डोकं बघायचं. मोठ्या मादीचं तोंड लांबट असतं आणि दोन कानांमधला माथा गोलसर. नर पाडसाचं तोंड आखूड, माथा सपाट, नीट उजेड असेल तर तिथे दोन टेंगळं दिसतात. हे मी मुलाला सांगत नाही, विचारते. "कोण आहे ते? कशावरून म्हणतोस?" उत्तर कानात पुटपुटत येतं, कधी पाच मिनिटं लागतात. एवढा वेळ दुसऱ्या प्राण्याकडे एकटक बघण्याची सवय आपल्या मुलांना राहिलेली नाही. मला विचाराल तर कॅम्पची अर्धी किंमत इथेच वसूल होते.

मग नेम. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जायचं, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर थांबायचं. तिथे फुप्फुसं आणि हृदय. हरीण पूर्ण आडवं नसेल तर थांबायचं, दुसरं मागे उभं असेल तर थांबायचं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. गोळी झाडायची की नाही हे मुलाने ठरवायचं असतं, आणि "नाही" म्हणण्याची वाट शेवटच्या सेकंदापर्यंत मोकळी ठेवणं हे मार्गदर्शकाचं काम. हे सोपं नाही. त्या खोलीत दोन मोठी माणसं असतात, दोघांनी पहाटे उठून गाडी हाकलेली असते, मालकाला माद्या कमी करून हव्या असतात, बाकीच्या मुलांपैकी कुणाला तरी हरीण मिळालेलं असतं. मूल हे सगळं जाणून असतं. बापाने नुसतं "मार, मार" असं ओठांत म्हटलं तरी निर्णय मुलाच्या हातून गेला. म्हणून शुक्रवारी रात्री मी पालकांना बाजूला घेऊन सांगते की ब्लाइंडमध्ये तुम्ही बोलायचं नाही, मान हलवायची नाही, फोन काढायचा नाही. काही वडिलांना राग येतो. आला तरी नियम तोच राहतो.

एक मुलगी मला चांगली आठवते, बारा-तेरा वर्षांची. रेंजवर सगळ्यांत नेटकी. शनिवारी संध्याकाळी साठेक यार्डांवर मादी आली, आडवी उभी राहिली. मुलीने सगळं बरोबर सांगितलं, काडतूस घेतलं, बोल्ट बंद केला, गाल दस्त्याला लावला. मग बराच वेळ काही झालं नाही. मादीने मान वर केली, कान फिरवले, पुन्हा खायला लागली. मुलीने बोल्ट उघडला, काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, आज नको. मी मान डोलावली आणि आम्ही अंधार पडेपर्यंत त्या मादीला बघत बसलो. रविवारी सकाळी मुलगी पुन्हा आली, पुन्हा बसली, आणि त्या दिवशी तिने गोळी झाडली. पण ती झाडली नसती तरी तो वीकेंड माझ्या लेखी पुरा होता, आणि हे मी तिच्या आईला शनिवारी रात्रीच सांगितलं होतं. ज्या कॅम्पवर रविवारी किती हरणं पडली यावर यश मोजतात, तिथे असा निर्णय मुलाला पेलत नाही.

गोळी लागल्यावर हरीण बहुतेकदा धावतं. मुलाला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर त्याला वाटतं चुकलं. मग वीस-तीस मिनिटं जागचं हलायचं नाही. मागे धावलं तर जखमी जनावर आणखी लांब जातं. नंतर रक्ताचा माग. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुसं, हरीण जवळच सापडणार. काळपट म्हणजे यकृत, आणखी थांबा. हिरवट अंश आणि वास आला तर पोटात लागली आहे, मग कित्येक तास थांबावं लागतं, आणि शोध सोडायचा नसतो. जेवण थंड होऊ दे, पण कॅम्पमधले सगळे कंदील घेऊन निघतात. माग काढताना मूल पुढे असतं. ते रडलं तर रडू द्यायचं. गप्प राहिलं तर गप्प राहू द्यायचं. "शाब्बास" म्हणून पाठीवर थाप मारायची घाई नको. गालाला रक्त फासायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून दिसते, माझ्या कॅम्पवर चालत नाही. फोटो मुलाने मागितला तर काढतो, आणि त्याआधी हरणाचं तोंड पुसतो, जीभ आत घेतो.

टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाच्या नोंदीची चिठ्ठी, लगेच लावायचा असतो, तो परवान्याचा भाग आहे. मग पोट फाडून आतडी काढणं. यात मुलाला बोलावते, ओढत नाही. हातमोजे, छोटी सुरी, मी धार वर करून कातडं कापते म्हणजे आतडं फुटत नाही. आश्चर्य वाटेल, पण गोळी झाडताना थरथरलेली मुलं इथे शांत होतात. हृदय कुठे, यकृत कुठे, फुप्फुसाला गोळी कुठे लागली, सगळं हातात घेऊन बघतात. टेक्सासात २०१२ पासून हरणांमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग सापडतो आहे. त्यासाठी तपासणीचे आणि डोकं-कण्याच्या विल्हेवाटीचे नियम आहेत, ते हंटमास्टर सांगेल तसे पाळायचे.

तुम्ही शाकाहारी आहात म्हणून संकोच वाटतोय असं तुमच्या प्रश्नावरून जाणवलं. अर्जात खाण्याचं लिहा, कॅम्पवर डाळ-भात नाही मिळाला तरी उपाशी कुणी ठेवत नाही. माझा अनुभव असा की शाकाहारी घरातली मुलं जास्त नेमके प्रश्न विचारतात. अडचण येते ती रविवारी, मांसाचं काय करायचं म्हणून. हे जाण्याआधी घरात बोला. बाबा घरी शिजवणार का? फ्रीझरमध्ये ठेवलेलं तुम्हाला चालणार का? नसेल चालणार तर मांस दान करण्याची सोय आहे का हे हंटमास्टरला आधीच विचारा. मुलाने मारलेलं हरीण डब्यात पडून फुकट गेलं तर त्याला त्यातून चुकीची गोष्ट कळते. शिजवणार असाल तर एवढंच सांगते की या मांसाला चरबी नसते. मटणासारखं कुकरला लावाल तर चामड्यासारखं होईल. खांद्याचं मांस कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर तीन तास ठेवा, किंवा सरळ खिमा करा आणि तेल नेहमीपेक्षा सढळ घाला.

कॅम्पच्या यादीत "अ‍ॅक्सिस" दिसलं तर दचकू नका. ते आपलं चितळ. १९३२ मध्ये टेक्सासात आणलं गेलं आणि हिल कंट्रीत असं पसरलं की आता स्थानिक हरणांच्या चाऱ्यावर हात मारतं. काळवीटही इथे आहेत, आणि दक्षिणेकडच्या मोठ्या रँचेसवर नीलगाय, म्हणजे विदर्भातला रोही. टेक्सासच्या कायद्यात हे सगळे परके प्राणी, त्यांना बंद हंगाम नाही, परवाना आणि मालकाची परवानगी असली की झालं. ताडोब्याला चितळांचे कळप बघून आलेल्या मुलाला हे पचायला वेळ लागतो, आणि लागावा. तो म्हणाला की चितळ मारणार नाही, तर त्याला पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या कॅम्पला घेऊन जा. नीलगायीला मात्र या वयात नकोच. जनावर अवजड, त्याला लागणारी रायफल मुलाच्या खांद्याला झेपत नाही.

टेक्सासबाहेर राहणाऱ्यांनी किंवा दुसऱ्या एखाद्या संस्थेकडे जाणाऱ्यांनी नाव भरण्याआधी आयोजकाला फोन करावा. फोनवर मी तरी हे विचारीन: स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासता का, मूल कधी एकट्या प्रौढाबरोबर असतं का, मी ब्लाइंडमध्ये बसू शकते का, अंतराची मर्यादा कोण आणि कशावरून ठरवतं, आणि मुलाने गोळी झाडली नाही तर काय होतं. शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस अडखळला किंवा "अहो, झाडतात सगळे" असं म्हणाला, तर दुसरी जागा शोधा.

एका वीकेंडने शिकारी तयार होत नाही, आणि हा आमच्या कार्यक्रमांचा खरा कमकुवत भाग आहे. ज्या पोराचा काका रँचवर लीज घेतो, तो पुढच्या महिन्यात पुन्हा जातो. आपल्या मुलांना असा काका नसतो. घरी आलं की रायफल परत, ब्लाइंड परत, आणि वर्षभर काही नाही. राज्याचा ४८ डॉलरचा वार्षिक सार्वजनिक शिकार परवाना घेतला तर दहा लाख एकरांच्या आसपास जमिनीवर जाता येतं. तिथे केशरी जाकीट आणि टोपी सक्तीची असते, आणि ती घालायला मुलं कुरकुरतात. त्यांना सांगा की हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, निळी जीन्स मात्र ठळक दिसते. सप्टेंबरमध्ये होल्यांचा, म्हणजे डव्हचा, हंगाम सुरू होतो. त्यात बोलता येतं, हसता येतं, ब्लाइंडमध्ये दगडासारखं बसावं लागत नाही. नेमबाजी तेवढी आवडली असेल तर फोर-एच या मुलांच्या संस्थेचे शूटिंगचे गट जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. आणि मुलाला शिकार नको वाटली पण माग काढणं, दुर्बिणीतून बघणं आवडलं, तर त्यालाही खतपाणी घाला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर या आठवड्यात वकिलाला ईमेल करा. उत्तर आलं की मुलाचा आणि सोबत जाणाऱ्याचा परवाना काढा, मग दोघांचं हंटर एज्युकेशनमध्ये नाव घाला, मग कॅम्पचा अर्ज. जागा लवकर भरतात. ऑक्टोबरच्या शेवटी फक्त मुलांसाठी राखलेला वीकेंड असतो, पण तो बऱ्याचदा दिवाळीच्या आगेमागे येतो, तेव्हा कॅलेंडर बघून घ्या. जानेवारीतले वीकेंड आपल्या लोकांना जास्त सोयीचे पडतात, थंडीचे कपडे मात्र हवेत. रायफल विकत घेऊ नका. कॅम्पवर मुलाच्या मापाची मिळते का ते हंटमास्टरला विचारा, बहुधा मिळते.